मेंदूला सूज: पहिल्या दहा मिनिटांपासून घरी परतेपर्यंत नातेवाइकांनी काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

"रात्रभर छान घोरत होता ओ, सकाळी हलवला तर उठेना."

कोल्हापुरात आयसीयूत सिस्टर म्हणून काम करताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता कुणी 'घोरत होता' म्हटलं की माझा हात आधी डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या टॉर्चकडे जातो. गाडीवरून पडलेला माणूस उठून बसतो, चहा पितो, 'मुका मार आहे, काही नाही' म्हणतो आणि झोपतो. घरच्यांना वाटतं, विश्रांती चाललीय. खरं तर कवटीच्या आत दाब चढत असतो आणि ते घोरणं बेशुद्धीतलं असतं.

चुका बहुतेक वेळा अज्ञानानं नाही, तर क्रम चुकल्यानं होतात. म्हणून हा लेख क्रमानंच लिहिलाय. डॉक्टरांचं काम डॉक्टर करतील. तुमच्या वाट्याचं काम काय, ते इथं आहे.

आधी हे डोक्यात बसवा

कवटी म्हणजे बंद डबा. आत साधारण ८० टक्के मेंदू, १० टक्के रक्त आणि १० टक्के मेंदूभोवतीचं पाणी. दिवाळीत गारगोटीला जाणारी भरलेली एसटी आठवा. आधी पिशव्या सरकवतात, मग माणसं आखडून बसतात, त्यामुळे काही वेळ सगळं निभतं. त्यानंतर एकच माणूस वाढला तरी दार लागत नाही. मेंदू सुजला की आधी पाणी आणि रक्त बाजूला सरकतं, म्हणून माणूस बोलत राहतो. जागा संपली की दाब एकदम उसळतो. 'आत्ता तर बोलत होता' याचं कारण हे.

मोठ्या माणसाच्या कवटीतला दाब साधारण ७ ते १५ मिलिमीटर (बीपीसारखेच पाऱ्याचे) असतो. २२ च्या वर टिकून राहिला तर उपचार लागतात. यातली दुसरी बाजू लोकांना ठाऊक नसते. मेंदूला रक्त पोहोचतं ते अंगातल्या बीपीच्या जोरावर, कवटीतला दाब ओलांडून. त्यामुळे सूज असताना बीपी खाली जाणं हे सूज वाढण्याइतकंच घातक.

सूज फक्त अपघातानं येते असंही नाही. पॅरालिसिसचा मोठा झटका, मेंदूज्वर, मेंदूतली गाठ, अंगातलं सोडियम घसरणं, बाळंतिणीच्या मेंदूतल्या शिरेत रक्त गोठणं, अशी बरीच कारणं आहेत. बाळंतपणानंतर आठ-पंधरा दिवसांत असह्य डोकेदुखी किंवा फिट आली तर 'वारं लागलं' म्हणून कानात कापूस घालून बसू नका, दवाखाना गाठा. कारणानुसार औषध बदलतं, एवढं इथं लक्षात ठेवा. पुढं त्याचं काम पडणार आहे.

टप्पा १: जागेवरची पहिली दहा मिनिटं

हंगामात रात्रीच्या वेळी उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेली मोटरसायकल आपल्याकडं नवी नाही. तिथं पोहोचल्यावर क्रम असा ठेवा.

१. घड्याळ बघा. वेळ मोबाइलवर टिपा. पुढच्या सगळ्या निर्णयांचा हिशेब इथून सुरू होतो.

२. १०८ लावा. गावाचं नाव, जवळची खूण, आणि 'डोक्याला मार, शुद्धीवर आहे' किंवा 'शुद्धीवर नाही' एवढं स्पष्ट सांगा.

३. श्वास चालू आहे का बघा. तोंडात रक्त किंवा उलटी असेल तर मान, पाठ एका रेषेत धरून दोघातिघांनी मिळून संपूर्ण अंग कुशीवर वळवा. नुसतं डोकं वळवू नका, मानेचा मणका मोडलेला असू शकतो. हेल्मेट ओढून काढू नका. श्वास अडत असेल तरच काढायचं, तेही एकानं मान स्थिर धरून.

४. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं दाबा. हाड आत गेल्यासारखं लागलं तर तिथं जोर देऊ नका. हळद, कॉफी, तंबाखू काहीही भरू नका. ते सगळं नंतर खरवडून काढावं लागतं. नाकातून किंवा कानातून पाणी, रक्त येत असेल तर बोळा घालू नका, येऊ द्या.

सावधान: तोंडात पाण्याचा थेंबही नको, साखरही नको. अर्धवट शुद्धीतल्या माणसाचं पाणी फुफ्फुसात जातं. फिट आली तर चप्पल हुंगवणं, कांदा फोडणं, दातात चमचा घालणं हे सगळं सोडा. कोल्हापुरी चप्पल पायातच शोभते. कुशीवर करा, आजूबाजूचे दगडधोंडे हलवा, आणि फिट किती मिनिटं चालली ते बघा.

खात्री करा: 'पिऊन पडलाय' हे निदान तुम्ही करायचं नाही. दारूचा वास आणि डोक्यातला रक्तस्राव एकाच माणसात असू शकतात. वासामुळे ओट्यावर झोपवून ठेवलेले आणि पहाटे आणलेले पेशंट मी पाहिलेत.

पोलिसांच्या भीतीनं मदत टाळू नका. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. नाव सांगायची सक्तीही तुमच्यावर नाही.

टप्पा २: गाडी कुठं वळवायची

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथं. आधी गल्लीतला दवाखाना, तिथं टाके, मग तालुक्याला, तिथं 'सीटी नाही', मग कोल्हापूर. गगनबावड्याहून कोल्हापूर ५५ किलोमीटर. चंदगडकडच्या लोकांना तर बेळगाव जवळ पडतं, मग जिल्ह्याचा अभिमान बाजूला ठेवा आणि बेळगावला जा.

गाडी निघाली की मागं बसलेल्यानं फोन लावायचा आणि तीनच प्रश्न विचारायचे. सीटी स्कॅन आत्ता, या वेळी चालू आहे का? न्यूरोसर्जन बोलावले तर येतील का? व्हेंटिलेटरचा बेड रिकामा आहे का? तिन्हीला 'हो' मिळेल तिकडं गाडी वळवा. इमारत किती चकाचक आहे, ते बघू नका. सरकारीत जायचं तर दसरा चौकाजवळचं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) सगळ्यांना माहीत आहे. तिथंही आधी फोन करून निघालं तर बरं.

वाटेत श्वास बंद पडत असेल किंवा रक्त थांबत नसेल, तेव्हा मात्र जो दवाखाना आधी लागेल तिथं थांबा. आधी श्वास, मग सीटी.

दुसऱ्या माणसाला घरी पाठवा, सोबत सगळ्यांनीच येण्यात अर्थ नाही. त्यानं रेशन कार्ड, आधार, जुन्या औषधांची पिशवी (चिठ्ठी नव्हे, पिशवीच) घेऊन यायचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हॉस्पिटल असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) लगेच भेटा, 'बिल होऊ दे मग बघू' असं करू नका. योजनेची चौकशी १५५३८८ वर होते. रस्ते अपघात असेल तर केंद्राच्या २०२५ च्या योजनेत, नेमलेल्या हॉस्पिटलमध्ये पहिल्या ७ दिवसांसाठी दीड लाखांपर्यंत कॅशलेस उपचारांची तरतूद आहे. दाखल करतानाच विचारा.

टप्पा ३: कॅज्युअल्टीत काय बोलायचं

डॉक्टर विचारतात 'काय झालं', आणि पाच जण एकदम बोलू लागतात. एकच माणूस पुढं करा, शक्यतो ज्यानं डोळ्यांनी पाहिलंय तो. त्यानं हे सांगायचं: मार किती वाजता लागला, बेशुद्ध झाला का आणि किती वेळ, मध्ये बोलला का, उलट्या किती, फिट आली का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का. शेवटची गोष्ट हमखास विसरते. आजोबांना हृदयासाठी 'ती छोटी गोळी' चालू असते आणि ती रक्त पातळ करणारी असते हे घरात कुणाला ठाऊक नसतं. औषधांची पिशवी आणा म्हटलं ते यासाठी.

'मध्ये बोलला, मग झोपला' हे वाक्य विशेष जोर देऊन सांगा. आत रक्त साठत असल्याची ती ओळखीची खूण आहे.

पॅरालिसिसच्या झटक्यात 'शेवटचा धडधाकट कधी दिसला' ती वेळ सांगा. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. 'सकाळी उठला तेव्हा तोंड वाकडं होतं' असं असेल तर रात्री कितीला झोपला ते सांगायचं, उठल्याची वेळ नाही.

इथं तुमच्या कानावर 'जीसीएस' पडेल. डोळे उघडण्याचे ४, बोलण्याचे ५, हातपाय हलवण्याचे ६, असे १५ पैकी शुद्धीचे गुण. लोक ऐकतात 'सात आहे' आणि म्हणतात, निम्मे तरी आहेत की! पण ही मोजणी शून्यापासून होत नाही, ३ पासून होते. म्हणून ७ म्हणजे निम्म्याच्या पुष्कळ खाली. ८ किंवा कमी झालं की श्वासनलिकेत नळी घालतात, कारण माणूस स्वतःची जीभसुद्धा सांभाळू शकत नाही. नळी घातल्यावर बोलण्याचे गुण मोजता येत नाहीत. तेव्हा एकूण किती ते विचारू नका, 'हातापायाचे किती, कालच्यापेक्षा वर की खाली' असं विचारा.

सीटी नॉर्मल आली, घरी सोडलं, तर: पहिले २४ तास जाणतं माणूस शेजारी हवं. रात्री दर दोन तासांनी उठवा आणि नाव नाही, काहीतरी विचार करायला लावणारं विचारा: 'आज वार कोणता? म्हशीचं दूध कुणी काढलं?' डोकेदुखी वाढत जाणं, पुन्हा पुन्हा उलटी, असंबद्ध बोलणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, फिट, नाकातून स्वच्छ पाणी, यांतलं एक दिसलं तरी परत आणा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल, दुसरी वेदनाशामक गोळी किंवा सुई मनानं नको. आणि बाथरूममध्ये घसरलेल्या म्हाताऱ्यांवर पुढचे दीड-दोन महिने नजर ठेवा. त्यांच्यात रक्त हळूहळू साठतं. 'वयानं विसरायला लागलेत' म्हणता म्हणता चाल बिघडते.

टप्पा ४: आयसीयूत काय चालतं आणि तुम्ही काय बिघडवता

रागावू नका, पण बिघडवता. आत उपचारांची पायरी ठरलेली असते. आधी सगळ्यात साधं, त्यानं भागलं नाही तर पुढचं.

पहिली पायरी औषधाची नाहीच. बेडची डोक्याकडची बाजू ३० अंश वर, मान सरळ. मानेतल्या शिरांतून रक्त उतरलं की कवटीत जागा होते. भेटायच्या वेळेत आलेली मावशी 'माझ्याकडं बघ रे' म्हणून तोंड आपल्याकडं वळवते आणि मॉनिटरवरचा आकडा चढतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बेडचा दांडा फिरवून 'आडवा झोपू दे बिचाऱ्याला' करणारेही असतात. डोक्यातून पाणी काढायची नळी असेल तर बाटलीची उंची कानाच्या पातळीवरून मोजून लावलेली असते. बेड हलला की सगळा हिशेब बदलतो. बेडला हात लावायचा नाही.

मग ऑक्सिजन, बीपी, ताप, साखर, सोडियम. वरचा बीपी १००-११० च्या खाली जाऊ द्यायचा नाही. ताप चढला की मेंदूची ऑक्सिजनची भूक वाढते. सलाईनवरून तर रोज वाद: 'ग्लुकोज लावा, अशक्तपणा आलाय.' ग्लुकोजच्या साध्या बाटलीतली साखर अंग खाऊन टाकतं आणि मागं उरलेलं नुसतं पाणी सुजलेल्या मेंदूत शिरतं. म्हणून मिठाचीच बाटली लावतात.

तिसरी पायरी झोपेची औषधं. 'शुद्धीवर आणायचं सोडून झोपवताय?' हा प्रश्न रास्त आहे. पण झोपलेल्या मेंदूला रक्त कमी लागतं, खोकला आणि नळीशी झटापट थांबते, दाब उतरतो. औषध कमी करून शुद्ध कधी तपासणार, ते मात्र जरूर विचारा.

चौथी, मॅनिटॉल किंवा ३ टक्के मिठाचं सलाईन. दोन्ही मेंदूतलं पाणी रक्तात ओढतात. मॅनिटॉलच्या १०० मिलीच्या बाटलीत २० ग्रॅम औषध असतं, वजनाच्या दर किलोला पाव ते एक ग्रॅम देतात. परिणाम पंधरा-वीस मिनिटांत दिसू लागतो, काही तास टिकतो. लघवी भरपूर होते, म्हणून नळी, आणि रोज रक्तात किडनी, सोडियमची तपासणी. जानेवारीतल्या एका पहाटे एका पेशंटच्या भावानं बाटली माझ्या हातातून हिसकावली होती. "आत काच हाय!" ट्यूबलाइटपुढं धरली तर खरंच सुयांसारखे खडे चमकत होते. थंडीनं मॅनिटॉलचे असे खडे होतात. बाटली गरम पाण्यात धरून खडे पूर्ण विरघळवायचे, मग कोमट होऊ देऊन जाळीच्या सेटमधून सोडायचं. औषध खराब नव्हतं. पण त्यानं बाटलीकडं बघितलं, हे मला आवडलं.

सावधान: नात्यातला कुणीतरी फोनवर सांगतो, 'डेक्सा द्यायला सांगा, सूज झटक्यात उतरते.' डेक्सा म्हणजे स्टेरॉइड. मेंदूत गाठ असेल तर ते औषध खरंच कामाचं. डोक्याच्या मारात मात्र स्टेरॉइड घातक. दहा हजारांवर रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात स्टेरॉइड दिलेले जास्त दगावले, आणि २००४ मध्ये तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. सूज एकच दिसली तरी औषध एक नसतं, ते असं.

खात्री करा: अंबाबाईचं तीर्थ नळी असलेल्या पेशंटच्या तोंडात घालायचं नाही, ओठालासुद्धा नको. जोतिबाचा गुलाल पुडीतच ठेवा, उशाखाली राहू दे. ड्रेसिंगजवळ भुकटी नको.

टप्पा ५: तिसरा दिवस

याची तयारी आधीच ठेवा. सूज पहिल्या दिवशी पूर्ण येत नाही. झटक्यात किंवा मारात ती दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत जास्त असते. म्हणजे पहिल्या दिवशी पाहिलं त्यापेक्षा तिसऱ्या दिवशी पेशंट खराब दिसणं, डोळे सुजून बंद होणं, पुन्हा सीटी काढणं, हे सगळं ठरलेल्या वाटेवरचंच आहे. नेमकं याच दिवशी घरचे घाबरतात, भांडतात आणि 'पुण्याला हलवू' म्हणतात. दाब सर्वांत जास्त असताना काही तास अँब्युलन्समध्ये हलवणं म्हणजे कड्याच्या काठावरून चालवणं. हलवायचंच असेल तर इथं नसलेली नेमकी कोणती सोय तिथं आहे, ते आधी डॉक्टरांकडून ऐकून घ्या.

रोज एकाच माणसानं, एकाच वेळी डॉक्टरांना भेटावं आणि वहीत चार गोष्टी लिहाव्यात: हातापायाचे गुण, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या आहेत का, सोडियम, नवीन सीटीत काय बदललं. एक बाहुली मोठी होणं, बीपी चढत नाडी मंदावणं, या धोक्याच्या खुणा. त्या दिसल्या की डॉक्टर तुमच्याशी बोलायला थांबणार नाहीत. थांबू नयेच.

टप्पा ६: कवटीचं हाड काढायची सही

औषधांनी भागलं नाही तर कवटीचा मोठा तुकडा काढून मेंदूला फुगायला जागा देतात. रात्री दोनला कागद पुढं येतो, म्हणून विचार आधी करून ठेवा.

मेंदूच्या मोठ्या शिरेतला झटका, वय ६० च्या आत, आणि ४८ तासांत शस्त्रक्रिया: अशा रुग्णांच्या युरोपातल्या एकत्रित अभ्यासात वर्षभरानं १०० पैकी ७८ जगले, शस्त्रक्रिया न केलेले २९. डोक्याच्या मारात, औषधांना दाद न देणाऱ्या सुजेच्या २०१६ च्या अभ्यासात सहा महिन्यांत मृत्यू सुमारे ४९ टक्क्यांवरून २७ वर आले. पण कायम बेशुद्धावस्थेत राहिलेले सुमारे २ वरून साडेआठ टक्के झाले. शस्त्रक्रिया जीव वाचवते, पहिल्यासारखा माणूस परत देईल असं वचन देत नाही. म्हणून 'वाचेल का' एवढ्यावर थांबू नका. 'वाचला तर काय करू शकेल, उठेल, बोलेल, ओळखेल?' असं विचारा. उत्तर अंदाजाचंच असेल, तरी विचारा. आणि सही करणारा एकच माणूस आधी ठरवा. दुबईतल्या भावाची वाट बघण्यात ४८ तास सरतात.

टप्पा ७: घरी आल्यावर

डोक्याची ती बाजू मऊ असते. त्या कुशीवर झोपवू नका, उठवताना टोपी किंवा हेल्मेट घाला, लहान पोरांना लांब ठेवा. नाकातल्या नळीनं भरवत असाल तर बसवून, आणि नंतर अर्धा तास तसंच. तांबडा-पांढरा रस्सा गाळूनसुद्धा नळीतून नको. तूप नळीत थिजतं, आणि काय, किती द्यायचं ते आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेलं असतं. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्यानं दाब चढतो. फिटची गोळी 'आता फिट येत नाही' म्हणून स्वतःहून बंद करू नका. ती गोळी चालू आहे म्हणूनच येत नाही. नवी गोळी सुरू झाल्यावर अंगावर पुरळ आलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मऊ भाग रोज त्याच वेळी, त्याच स्थितीत बघा. आधी मऊ असलेला भाग ताठ फुगला, लाल झाला, पाणी झिरपलं, ताप आला, तर थांबू नका. उलट तो खोल आत गेला आणि बसवल्यावर डोकं दुखून माणूस मंद होत असेल, तर तेही कळवा.

काढलेलं हाड परत बसवायची शस्त्रक्रिया काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी होते. तोवर ते कुठं आहे हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असलंच पाहिजे: हॉस्पिटलच्या डीप फ्रीजरमध्ये, की पेशंटच्याच पोटाच्या कातडीखाली. कागलकडच्या एका घरात कार्ड हरवलं होतं. चार महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडं आले तेव्हा घरचे म्हणाले, 'हाड टाकून दिलं असणार.' डॉक्टरांनी पेशंटच्या पोटावर हात फिरवला, बेंबीच्या उजवीकडं बशीएवढा कडक तुकडा लागला. घरच्यांना इतके दिवस वाटत होतं, ती सुयांची गाठ आहे. कार्डाचा फोटो काढा आणि घरातल्या तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.